हवामान बदलाचं वेगळं प्रकरण की रोजच्या निर्णयांत बदल? – वस्ती-नियोजनावर चर्चा

वळण (धागाकर्ता)

वस्तीचा, गावाचा किंवा शहराचा कुठलाही नवा विकास आराखडा उघडा, 'हवामान बदल' नावाचं एक प्रकरण त्यात हमखास सापडतं. तापमानवाढीचे आलेख असतात, झाडं लावायचे संकल्प असतात. मग जमीनवापराच्या नकाशाशी यावं तर पाणी साठणारा सखल भाग निवासी म्हणून रंगवलेला, ओढ्याची रुंदी कागदावर निम्मी झालेली आणि नवं रुग्णालय त्याच ओढ्याच्या काठाला दाखवलेलं. एका प्रकरणातली काळजी दुसऱ्या प्रकरणातल्या नकाशापर्यंत पोचलेलीच नसते.

नियोजनाच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की वेगळ्या प्रकरणाने फारसं काही साधत नाही. रस्त्याखालून पाणी जाणारी मोरी केवढी ठेवायची, रस्त्याची पातळी किती, शाळेचं छप्पर कशाचं, विजेचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) कुठे बसवायचं, कुठल्या जागेला बांधकाम परवानगी द्यायची, हे निर्णय आपण दर आठवड्याला घेतोच. हवामान बदलाशी जुळवून घेणं त्यांच्यात शिरलं तरच ते जमिनीवर उतरतं. आज टाकलेली पर्जन्यजल वाहिनी पन्नास वर्षं तरी जमिनीत राहणार आहे. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धरून ठेवायची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते, म्हणून कमी वेळात कोसळणाऱ्या पावसाचा जोर वाढतो. वाहिनीचा व्यास ठरवणारे पावसाचे तक्ते मात्र आपण मागच्या नोंदींवरूनच काढतो.

एक अगदी साधं उदाहरण देते. डांबरी रस्त्याची दुरुस्ती. जुना थर खरवडायचा तर खर्च वाढतो, म्हणून नवा थर त्याच्यावरच चढवतात. दर वेळी चार-पाच सेंटिमीटर उंची वाढते. तीन-चार फेऱ्यांत रस्ता बाजूच्या जुन्या घरांच्या जोत्याला भिडतो, कडेची पाणी आत घ्यायची तोंडं थराखाली बुजतात आणि पूर्वी रस्त्यावरून वाहून जाणारं पाणी उंबरा ओलांडून घरात शिरतं. हा निर्णय घेताना बैठकीत हवामानाचं नावही कुणी काढलेलं नसतं. अंदाजपत्रकात 'आधी खरवडा, मग थर टाका, पातळी जोत्याच्या अमुक इतकी खाली ठेवा' अशी एक ओळ घालणं, हे माझ्या लेखी खरं अनुकूलन, म्हणजे हवामान बदलाशी जुळवून घेणं.

तुमच्या कामात असे निर्णय कोणते आणि घोडं अडतं कुठे, ते लिहा.

---

मोजमाप

चांगला धागा. मी वाहिन्यांच्या संकल्पनाचं (डिझाइनचं) काम करतो, त्यामुळे आकड्यांपासून सुरुवात करतो.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हटलं की लोकांना वाटतं, एकदा येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. त्याचा अर्थ असा की कुठल्याही एका वर्षी तो यायची शक्यता १ टक्का. तीस वर्षांच्या घरकर्जाच्या काळात असा पूर किमान एकदा यायची शक्यता २६ टक्के होते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी हेच गणित ७० टक्क्यांवर जातं. आणि हे सगळं हवामान स्थिर आहे असं धरून. ते स्थिर नाही, म्हणजे पूररेषाही, पुराचं पाणी कुठवर येईल हे दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा, आहे तिथे राहणार नाहीत.

पण म्हणून सगळ्या वाहिन्या मोठ्या करा, असं मी म्हणणार नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुन्या गटारांची रचना तासाला २५ मिलिमीटरची. तसला पाऊस पोटात घेईल एवढी गटारं कुठलंच शहर बांधू शकत नाही.

यावर कोपनहेगनने जे केलं ते मला पटतं. २ जुलै २०११ ला तिथे दोन-तीन तासांच्या पावसाने शहर बुडालं. पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीचा वेगळा आराखडा केला आणि त्यात पाण्याचे दोन हिशोब ठेवले. रोजचा पाऊस वाहिनीतून जाईल. ढगफुटीचं पाणी मात्र जमिनीवरूनच, ठरवून दिलेल्या रस्त्यांनी, खोलगट बागांमधून बंदराकडे नेलं जाईल. कसोटी काय, तर शंभर वर्षांतून एकदाच्या पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचू नये. नुसत्या वाहिन्या वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं असं त्यांच्या हिशोबात निघालं. हे जमायचं तर बागेचा उतार, रस्त्याचा उतार आणि गटार, तिन्ही एकाच टेबलावर ठरायला हवं. आपल्याकडे ही तीन खाती एकमेकांची रेखाचित्रंही बघत नाहीत.

---

ओलावा

वळण, रस्त्याच्या पातळीचं अगदी मनातलं लिहिलंत. मी वस्त्यांमध्ये बायकांच्या गटांबरोबर काम करते, म्हणून दुसरी बाजू मांडते.

मोजमाप, तुमचे आकडे हवेतच. पण पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं हे नकाशावर नसतं, ते तिथे राहणाऱ्याला माहीत असतं. आम्ही एक साधी गोष्ट करतो. वस्तीचा मोठा कागदी नकाशा घेऊन लोकांसोबत फिरतो आणि मागच्या मोठ्या पावसात पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं त्या खुणा विचारतो. भिंतीवरचा डाग, कपाटाच्या खालच्या फळीचं फुगलेलं लाकूड, दाराच्या चौकटीला आलेली कुज. टेपने उंची मोजून नकाशावर टाकली की दुपारभरात पूर्ण वस्तीची पूरपातळी हाती येते. एवढी बारीक माहिती कुठल्याच संगणकी प्रारूपात (मॉडेलमध्ये) मिळत नाही.

हे फिरणंही वेळ बघून करावं लागतं. उन्हाचा प्रश्न समजून घ्यायचा तर दुपारी दोनला जावं. सभा संध्याकाळी सातला ठेवली तर ज्या बायकांनी दिवसभर पत्र्याखाली काम केलंय त्या तेव्हा चुलीपाशी असतात. मग इतिवृत्तात 'लोकसहभाग झाला' असं नोंदवलं जातं आणि पत्र्याचा विषयच निघत नाही.

कोणाला विचारलं यावर जीव अवलंबून असतो, हे बांगलादेशने दाखवलंय. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर त्यांनी गावोगाव स्वयंसेवक तयार केले, निवारे बांधले. १९९१ च्या वादळात तरीही सुमारे १ लाख ३८ हजार मृत्यू झाले आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं. मुलं, घर, गुरं सोडून निघता येत नव्हतं, आणि अनोळखी पुरुषांनी भरलेल्या एका खोलीत जायला बाई कचरत होती. पुढच्या निवाऱ्यांमध्ये बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, गुरांसाठी उंचवटे आले, इशारा द्यायला स्त्री स्वयंसेवक वाढल्या. २००७ च्या सिद्र वादळात मृतांचा आकडा तीन-चार हजारांवर आला. वादळ काही लहान नव्हतं.

---

परखड

वाचतोय. तुमचं सगळ्यांचं बरोबर आहे, पण मला दोन गोष्टी बोलायच्याच आहेत.

एक. छोट्या स्थानिक संस्थेत अभियंता एकच असतो. पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती, तक्रारी, सगळं त्याच्याच गळ्यात. त्याला तुम्ही हवामानाची प्रारूपं वाचायला सांगणार? त्याच्या टेबलावर काय ठेवाल ते सांगा, बाकी राहू द्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. 'हवामान बदलापासून संरक्षण' या नावाखाली नदीकाठच्या गरिबांची घरं पाडायची, आणि तोच काठ सुशोभित करून वरच्या अंगाला भराव टाकून मोठ्या इमारतींना परवानगी द्यायची, हे मी जवळून बघितलंय. पूररेषा झोपडीला लागू होते, भरावाला होत नाही. भराव टाकला की तेवढं पाणी दुसऱ्या कुणाच्या घरात जातंच, ते हवेत विरत नाही. नियोजनात हवामान आणायचं असेल तर पहिला प्रश्न हा विचारा की या कामाने कोणाचा धोका कमी होतो आणि तो कोणाच्या दारात जाऊन पडतो.

---

पाणवठा

परखड यांना पूर्ण अनुमोदन. धोका हलवण्याबद्दल अजून एक.

१९६० च्या दशकात बांगलादेशच्या नैऋत्य किनाऱ्यावर शेतीला खाऱ्या पाण्यापासून वाचवायला गोलाकार बांध घातले. सुरुवातीला पीक वाढलं. पण भरतीबरोबर येणारा गाळ शेतात पसरायचा बंद झाला आणि बांधाबाहेर नदीच्याच पात्रात बसायला लागला. पात्र वर आलं, आतली जमीन दबत खाली गेली, आणि पावसाचं पाणी बाहेर पडायला वाटच उरली नाही. हजारो एकर वर्षानुवर्षं पाण्याखाली. शेवटी १९९० मध्ये बील डाकातिया भागात लोकांनीच बांध फोडला आणि भरतीचं गढूळ पाणी आत घेतलं. गाळ बसून जमीन वर यायला लागली. पुढे सरकारी यंत्रणेनेही भरतीचं पाणी ठरवून आत घ्यायची पद्धत स्वीकारली.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या मंडळाच्या २०२२ च्या अहवालात अशा उलट्या पडणाऱ्या उपायांबद्दल, म्हणजे चुकीच्या अनुकूलनाबद्दल, बरंच लिहिलंय. बांध-भिंतींचा आणखी एक परिणाम नियोजनकारांनी ध्यानात ठेवावा. भिंत झाली की लोकांना सुरक्षित वाटतं, मागे वस्ती दाटते, जमिनीचे भाव चढतात. मग भिंत ओलांडणारा एक पूर आला की नुकसान भिंत नसतानापेक्षा मोठं होतं. म्हणून भिंतीचा प्रस्ताव आला तर त्याच कागदावर मागच्या जमिनीच्या बांधकाम परवानगीचं काय, हे लिहिलेलं असलंच पाहिजे. नुसती भिंत मंजूर करणं म्हणजे अर्धवट निर्णय.

---

सावली

सगळे पाण्याबद्दलच बोलताय. उष्णतेचं काय? पुराची छायाचित्रं छापून येतात, उन्हाने गेलेल्यांची नोंद हृदयविकार म्हणून होते.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतरच्या अभ्यासात त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं निघालं. २०१३ मध्ये महापालिकेने उष्मा कृती आराखडा आणला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात इशाऱ्याचे रंग, पाण्याची सोय, डॉक्टरांचं प्रशिक्षण वगैरे होतंच. पण मला त्याच शहरातली एक वेगळी गोष्ट फार मोलाची वाटते. एका रुग्णालयात प्रसूती कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, थेट तापलेल्या छताखाली. तो खालच्या मजल्यावर आणल्यानंतर उष्णतेमुळे नवजात अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण खूपच कमी झालं. यंत्र नाही, मोठा निधी नाही. कक्ष कुठल्या मजल्यावर ठेवायचा, एवढाच निर्णय. वळण म्हणतात ते हेच ना?

आणि शिकागो. जुलै १९९५ च्या लाटेत तिथे सातशेहून जास्त माणसं गेली. एकटे राहणारे, वरच्या मजल्यांवरचे, खिडक्या-दारं बंद करून बसलेले वृद्ध. शेजारी-शेजारी असलेल्या, सारख्याच गरीब दोन भागांत मृत्यूंचं प्रमाण मात्र फार वेगळं होतं. जिथे रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं चालत बाहेर पडत होती, तिथे कमी माणसं दगावली. म्हणजे पदपथ, बसायला सावलीतला बाक, कोपऱ्यावरचं दुकान यांनीही माणसं जगतात. जमीनवापराच्या नियमांत दुकानांना मनाई करून आपण शांत निवासी गल्ल्या आखतो तेव्हा हे कोणाच्या लक्षात येत नाही. माझी आई एकटी राहते, म्हणून हा विषय मला लागतो.

---

वळण

सावली, प्रसूती कक्षाचं उदाहरण माहीत नव्हतं. हो, मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

परखड, 'टेबलावर काय ठेवाल' या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करते. प्रारूप नको, जाडजूड अहवाल नको. प्रत्येक कामाच्या प्रस्तावाला आधीच एक तांत्रिक मंजुरीचा कागद लागतो. त्याला चार-पाच प्रश्नांचं एक पान जोडायचं आणि ते भरल्याशिवाय फाइल पुढे सरकणार नाही असं करायचं. हे काम किती वर्षं टिकायचंय? आतापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या पावसात आणि सगळ्यात कडक उन्हात या जागेचं काय झालं होतं, आणि हे कोणाला विचारलं? त्याहून वाईट दिवस आला तर हे मोडेल कसं, हळूहळू की एकदम? पाणी किंवा उष्णता इथून हटवली तर ती जाते कुठे? आणि याची निगा कोण राखणार, कुठल्या पैशातून?

'मोडेल कसं' हा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. शाळेची इमारत आपत्तीत निवारा म्हणून वापरायची असं यादीत असतं. प्रत्यक्ष जाऊन बघितलं तर विजेचा मुख्य फलक जिन्याखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर. पाण्याची मोटर तळघरात. आत गुडघाभर पाणी आलं की दिवे गेले, पंप गेला, संडासाला पाणी नाही, आणि तीनशे माणसं वरच्या मजल्यावर. फलक आणि मोटर वर घ्यायला इमारत रंगवण्यापेक्षा कमी पैसे लागतात, फक्त रंगकामाचा प्रस्ताव आला त्याच वेळी कुणीतरी विचारायला हवं.

तुमचा दुसरा मुद्दा, धोका कोणाच्या दारात पडतो, त्या पानावर पहिला प्रश्न म्हणून घेते.

---

मोजमाप

पान चांगलं आहे. एक भर घाला: हा निर्णय पुन्हा कधी आणि कशावरून तपासायचा.

भविष्यात नेमका किती पाऊस, किती समुद्रपातळी, हे आज कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून थांबून राहणं चूक आणि सगळ्यात वाईट शक्यतेसाठी आजच सगळं बांधून टाकणंही चूक. थेम्स नदीच्या मुखाचा २१०० पर्यंतचा आराखडा या बाबतीत वाचण्यासारखा आहे. लंडनचा थेम्सवरचा अडसर, म्हणजे समुद्राचं चढतं पाणी रोखायला बंद करता येणारे मोठे दरवाजे, १९८२ पासून काम करतोय. तो बदलायचा, वाढवायचा की नवा बांधायचा हे त्यांनी एकदम ठरवलं नाही. पर्यायांचे वेगवेगळे मार्ग आखून ठेवले आणि कुठल्या वळणावर कुठला मार्ग धरायचा हे मोजता येणाऱ्या खुणांवर सोडलं: समुद्र किती चढला, अडसर वर्षात किती वेळा बंद करावा लागला, भिंतींची अवस्था काय. शिवाय पुढे लागणारी जमीन आजच मोकळी राखली.

हे छोट्या पातळीवर जमतं. मोरी आज लागेल तेवढीच बांधा, पण शेजारी दुसरी बसवायला जागा सोडा आणि पाया त्या हिशोबाने घ्या. मोरीतल्या पाण्याची पातळी अमुक खुणेला वर्षात दोनदा टेकली की दुसरी मोरी अंदाजपत्रकात धरायची, असं ठरावातच लिहा. म्हणजे नंतर आलेल्या माणसाला नव्याने भांडावं लागत नाही.

---

परखड

पानाचं पटलं. एका अभियंत्याला पेलेल असं आहे.

पण निगेचा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलात, तो वर घ्या. नव्या कामाला निधी मिळतो, त्याची फीत कापता येते. गाळ काढायला मिळत नाही. निम्मी भरलेली वाहिनी म्हणजे संकल्पनातले सगळे आकडे रद्द. अमेरिकेतल्या टल्सा शहरात १९८४ च्या पुरात १४ माणसं गेली, त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. पाण्यात जाणारी शेकडो घरं रीतसर विकत घेऊन ती जागा मोकळी ठेवली, आणि पर्जन्यजलासाठी दरमहा वेगळं शुल्क लावलं. ते पैसे त्याच कामाला. निगेचा पैसा दर वर्षी मागावा लागला नाही.

यातल्या 'रीतसर विकत घेऊन' या शब्दांवर माझा भर आहे. कुठे कुठे माणसांना हलावं लागणार, हे मलाही दिसतं. पण कसं हलवता त्याला महत्त्व आहे. फिजीमधलं वुनिदोगोलोआ हे गाव समुद्र आत येऊ लागल्यामुळे २०१४ मध्ये दोनेक किलोमीटर आतल्या बाजूला वसवलं. मागणी गावकऱ्यांनीच केली होती, आणि नवी जागा त्यांच्याच कुळाच्या मालकीची होती. कामाला जाणं, शाळा, नातीगोती तुटली नाहीत. माणसांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, रोजगारापासून लांब नेऊन टाकायचं आणि त्याला अनुकूलन म्हणायचं, हे मला मान्य नाही. ती माणसं सहा महिन्यांत परत पाण्याशेजारी येऊन राहतात, कारण पोट तिथेच भरतं.

---

ओलावा

परखड, याच्याशी शंभर टक्के सहमत. एक जोडते: हलवायचं की नाही याची चर्चा पूर येऊन गेल्यावर पहिल्या महिन्यात करू नये. लोक तेव्हा कशालाही हो म्हणतात, किंवा कशालाच नाही. ती शांत वर्षात, कोरड्या दिवसांत व्हायला हवी, पर्याय समोर ठेवून आणि भाडेकरूंना धरून. पूरग्रस्तांच्या यादीत घरमालकाचं नाव असतं, भाडेकरूचं नसतं.

वळण, ते पान तुम्ही इथे टाकलंत तर आमच्या गटात मी ते बोलीभाषेत करून घेईन. अभियंत्याने भरलेलं पान लोकांनी वाचून सही करायची, असं काही करता येईल का? भिंतीवरच्या खुणांची उंची आणि पानातला आकडा जुळतो की नाही, हे तपासायला त्यांच्याइतकं योग्य कोणी नाही.

---

वळण

करता येईल, आणि करायलाच हवं. सहीला कायद्याने वजन नसलं तरी फाइलमध्ये कागद राहतो आणि पुढच्या लेखापरीक्षणात तो दिसतो. क्रम बदलते: पहिला प्रश्न धोका कोणाच्या दारात जातो, दुसरा निगा, मग बाकीचे, शेवटी मोजमाप यांची फेरतपासणीची खूण आणि तारीख. सावली, उष्णतेसाठी स्वतंत्र ओळ हवी: दुपारी दोनला आत किती तापतं, आणि आत कोण असतं. कच्चा मसुदा याच धाग्यावर टाकते, मोकळेपणाने खोडाखोड करा.

---

सावली

'आत कोण असतं' च्या पुढे 'आणि रात्री किती तापतं' हेही घाला. पत्रा दिवसा तापतो आणि सूर्य गेला की लगेच निवतो, सिमेंटचं छत मात्र रात्रभर उष्णता सोडत राहतं. वरच्या मजल्यावरची माणसं झोपू शकत नाहीत आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजारी पडतात. दुपारचाच आकडा घेतला तर ही घरं यादीत येणारच नाहीत.